मुलांना शोलाकिली दाखवू नका, ऐकवा : दक्षिणेच्या सहलीला निघणाऱ्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शाळांचे मुख्याध्यापक, सहल समितीतील शिक्षक आणि पालक-शिक्षक संघ यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की अनेक शाळांच्या बसगाड्या दक्षिणेकडे निघतात. उटी, कोडाईकनाल, मुन्नार. कार्यक्रमही ठरलेला असतो: तलावातली बोट, बाग, चहाचा कारखाना, चॉकलेटचं दुकान आणि दिवसभरात चार-पाच पॉइंट. याच गावांच्या कडेला, कधी कधी तर मुक्कामाच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शोला जंगलाचे, म्हणजे उंच डोंगरांच्या दऱ्यांतल्या दाट, ओल्या जंगलाचे, तुकडे आहेत. त्यांत एक छोटा निळा पक्षी गातो. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाचे हे मोजके डोंगर सोडले तर तो जगात कुठेच नाही. आपली बस मात्र त्या जंगलाला वळसा घालून पुढच्या पॉइंटला जाते.

या पक्ष्याचं नाव शोलाकिली. आमची विनंती एवढीच की पाच दिवसांच्या सहलीतली एक सकाळ या पक्ष्यासाठी राखून ठेवा आणि त्या सकाळी मुलांना तो दाखवण्याचा हट्ट धरू नका. तो ऐकवा. हे कसं साधायचं आणि कुठे चुकतं, ते पुढे सविस्तर लिहीत आहोत.

आधी पक्षी. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे दयाळापेक्षा लहान. गोलसर अंग, आखूड शेपूट आणि अंगाच्या मानाने लांब पाय. हा पक्षी जमिनीवर आणि जमिनीलगतच्या झुडपांत वावरतो, ओल्या पाचोळ्यातले किडे टिपतो. वरचा रंग पाटीसारखा निळा-करडा. जंगलाच्या अंधुक उजेडात तो काळाच वाटतो. पश्चिम घाटाची रांग जिथे तुटते त्या पालघाट खिंडीच्या उत्तरेला, म्हणजे उटी, कुन्नूर, कोटागिरी भागात निलगिरी शोलाकिली असते. तिच्या कुशी तांबूस असतात. खिंडीच्या दक्षिणेला कोडाईकनाल आणि मुन्नारकडे पांढऱ्या पोटाची शोलाकिली. पहिली धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, दुसरी ‘असुरक्षित’. त्यामुळे सहल उटीला जाणार की कोडाईला, यावर मुलांना कोणती शोलाकिली भेटणार हे ठरतं. वर्गात दोन्हींची चित्रं एकाच फळ्यावर लावून ‘शोलाकिली’ एवढंच सांगितलं, तर सगळ्यात मोलाची गोष्टच हातातून निसटते.

बरीच वर्षं या पक्ष्यांची गणती कधी रॉबिनमध्ये तर कधी शॉर्टविंगमध्ये होत होती. २०१७ मध्ये पक्षी-अभ्यासक डॉ. व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं, आवाज आणि मोजमापं एकत्र अभ्यासून दाखवलं की ते या दोन्ही गटांतले नाहीत. ते माशीमार पक्ष्यांच्या कुळातले आहेत आणि त्यांची प्रजाती अगदी स्वतंत्र आहे. म्हणून त्यांना ‘शोलिकोला’ हे नवं प्रजातीनाम मिळालं. त्याच अभ्यासात अगदी दक्षिणेकडच्या अशंबू डोंगरातल्या शोलाकिलीला वेगळं नाव मिळालं, आणि याच शिखरांवरच्या चिलप्पन नावाच्या कलकलाट करणाऱ्या पक्ष्यांनाही नवी प्रजाती मिळाली. शेकडो वर्षं माणसांचा वावर असलेल्या थंड हवेच्या ठिकाणी अजून अशी नवी ओळख होते, हे आठवीतल्या मुलाला सांगण्याजोगं आहे.

चिलप्पनचा एक धागा थेट आपल्या राज्यात येतो. कोडाईकनालच्या पळणी डोंगरातल्या चिलप्पनच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द आहे. सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. त्यांची कर्मभूमी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि वडाळा. शेतीशिक्षणाचं कामही त्यांनी त्याच भागात केलं. ते पळणी डोंगरात पक्षी जमवत, आणि निसर्ग-अभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये या पक्ष्याला त्यांचं नाव दिलं. नगर जिल्ह्यातल्या शाळांनी तरी ही गोष्ट सहलीआधी सांगायलाच हवी.

आता महिना. या बाबतीत आमचं मत ठाम आहे: नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ या कामासाठी चुकीचा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर कोडाईकनालला ईशान्य मोसमी पाऊस असतो. धुकं, ओल आणि वारा. शोलाकिली त्या वेळी तिथेच असते, पण गाणं फार कमी असतं. डिसेंबर-जानेवारीत उघड्या गवतावर दहिवर गोठतं आणि पहाटे मुलं कुडकुडत असतात, त्यांचं कान देण्याकडे लक्ष राहत नाही. एप्रिल ते जून हा विणीचा काळ. गाणं भरात असतं, पण घरटीही असतात आणि मे महिन्यात गर्दीमुळे रस्ते तुंबतात. मध्ये उरतो तो फेब्रुवारीचा शेवटचा आणि मार्चचा पहिला आठवडा. हवा कोरडी, आकाश मोकळं, गाणं वाढू लागलेलं. शाळा बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असेल तर या दिवसांत खालच्या वर्गांचं वेळापत्रक तसंही विस्कटलेलं असतं. सातवी ते नववीच्या एका तुकडीची सहल तेव्हा सहज बसते. मुन्नारला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: एराविकुलम राष्ट्रीय उद्यान निलगिरी ताहर या रानबकरीच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. शोलाकिलीसाठी तिथे जाण्याची गरजही नाही.

तयारी निघण्याआधी सहा आठवडे सुरू करावी, आणि ती कानांपासून. आपल्या मुलांना आवाज ओळखता येत नाहीत असं नाही. आवाज कुठून आला हे सांगण्याची सवय मात्र त्यांना नसते. जानेवारीत शाळेच्या आवारात तांबट टुक-टुक करू लागतो. त्याच्यापासून सुरुवात करा. मुलांनी डोळे मिटून हाताने दिशा दाखवायची, मग डोळे उघडून झाड शोधायचं. पहिल्या दिवशी निम्मे हात चुकीच्या झाडाकडे असतात, कारण तांबट बोलताना मान फिरवतो आणि आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. हे मुलांना आधी सांगू नका. दोन-तीन दिवसांत त्यांच्याच लक्षात येतं. मग शिंपी, बुलबुल, नाचण. फेब्रुवारीत दयाळ गायला लागला की त्याचं गाणं रोज पाच मिनिटं बसून ऐकायचं. रोज एकाच जागी, एकाच वेळी. बसण्याची ही सवय पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

तिसऱ्या आठवड्यापासून आवाजाचा नकाशा. प्रत्येकाला अर्धा कागद आणि जाड शिसपेन्सिल. कागदाच्या मध्यावर फुली म्हणजे मी. आवाज जिकडून आला तिकडे, जवळचा असेल तर फुलीजवळ आणि लांबचा असेल तर कडेला, एक खूण करायची. पक्ष्याचं नाव लिहायचं नाही. आवाज कसा होता ते रेषेने दाखवायचं. चढता स्वर म्हणजे चढती रेघ, खरखर म्हणजे नागमोडी. पेन देऊ नका: कोडाईच्या पहाटेच्या ओलीत शाई पसरते आणि बॉलपेन थंडीत अडतं. नाव लिहायला सांगितलं की हुशार मुलं भराभर यादी करतात आणि बाकीची त्यांच्या वहीत डोकावतात. रेषा मात्र प्रत्येकाची वेगळी येते.

शोलाकिलीचं ध्वनिमुद्रण वर्गात जरूर ऐकवा. झेनो-कँटो या संकेतस्थळावर दोन्ही शोलाकिलींचे आवाज मोफत मिळतात. हे गाणं दयाळासारखं खणखणीत नसतं. बारीक, उंच पट्टीतल्या शिळा आणि मध्येच घासल्यासारखी खरखर, पुन्हा शीळ. एकाच पक्ष्याची दोन मुद्रणं लावली तर मुलांना ती वेगळी वाटतात. वाटूदे, ते बरोबर आहे. त्यानंतर पालघाटच्या उत्तरेचं एक आणि दक्षिणेचं एक मुद्रण लावा. लाखो वर्षांपासून दुरावलेल्या डोंगरांवरची गाणी वेगळी झाली आहेत, हे अभ्यासात दिसलेलं आहे. जंगल तुटल्यामुळे अलीकडे एकमेकांपासून तुटलेल्या ठिकाणांचा परिणामही या पक्ष्यांच्या जनुकांवर दिसू लागला आहे. वर्गातला स्पीकर मोठा असू द्या. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बारीक शिळा पत्र्यासारख्या वाजतात आणि मुलं तोच आवाज मनात धरून जातात.

गाणी वेगळी का झाली, हे समजावायला आमच्या माहितीत एका टबाइतकं चांगलं साधन नाही. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि किमान १२ खोल असा प्लॅस्टिकचा टब घ्या. पाच किलो शाडू आणि विटांचे काही तुकडे. लांबीवर १ सेंटिमीटर म्हणजे ६ किलोमीटर, उंचीवर १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर. उत्तरेच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर निलगिरीचं दोड्डाबेट्टा शिखर: खरी उंची २६३७ मीटर, टबात साडेदहा सेंटिमीटर. तिथून सुमारे १२ सेंटिमीटर दक्षिणेला पालघाट खिंड. तिच्यासाठी पाच-सहा सेंटिमीटर रुंदीची जागा जवळपास सपाट सोडा. दोड्डाबेट्टापासून २३ सेंटिमीटरवर अनामुडी, २६९५ मीटर, टबात पावणेअकरा. तिच्या पूर्वेला आठ सेंटिमीटरवर कोडाईकनाल, साडेआठ उंच. या दोघांना जोडणारी धार सात सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. दोड्डाबेट्टापासूनच ४५ सेंटिमीटरवर शेनकोट्टाची चिंचोळी खिंड आणि ५१ वर अशंबू डोंगरातलं अगस्त्यमलाई शिखर, १८६८ मीटर, म्हणजे साडेसात.

आता कडेने हळूहळू पाणी सोडा. साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पाणी चढलं की आपण सुमारे १४०० मीटरच्या रेषेवर येतो. खालचं गरम, कोरडं जग पाण्याखाली जातं आणि तीन बेटं उरतात. त्यांवर शोलाकिलीची तीन रंगीत कागदी चिठ्ठ्यांची निशाणं रोवायची. बारा-तेरा लिटर पाणी लागतं, ते आधीच बादलीत मोजून ठेवा. इथे दोन गोष्टी बिघडतात. पाणी वरून ओतलं तर शाडू विरघळून कडा ढासळतात, म्हणून टबाच्या कोपऱ्यात एक वाटी ठेवून तिच्यात ओतावं. आणि डोंगर पोकळ ठेवायला आत कागदाचे बोळे कोंबले तर ते तरंगून वर येतात. म्हणून विटांचे तुकडे. मुलांना हेही सांगा की उंची लांबीच्या मानाने चोवीस पट ताणलेली आहे, नाहीतर खरी निलगिरी सुळक्यासारखी दिसेल अशी समजूत होते.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. ८ बाय ४२ची, दोन मुलांत एक. १० बाय २५ची छोटी दुर्बीण बसमध्ये सोयीची असते, पण शोलातल्या कमी उजेडात तिच्यातून काहीच दिसत नाही. शाळेतच सराव करून घ्या: २० मीटरवरच्या झाडाला छापील कागद लावायचा, नजर कागदावर खिळवायची आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. मुलं उलटं करतात, आधी दुर्बीण डोळ्याला लावतात आणि मग कागद शोधत बसतात. चष्मा असलेल्या मुलांनी डोळ्याजवळच्या रबरी कडा आत दुमडायच्या.

आता ती सकाळ. ३६ मुलं एकदम न्यायची नाहीत. एका वेळी बारा मुलं आणि दोन मोठी माणसं, एवढंच. बाकीच्या दोन गटांना त्याच दिवशी गवताळ उतारावर किंवा रोपवाटिकेत वेगळं काम द्या आणि पुढच्या दोन सकाळी त्यांची पाळी लावा. म्हणजे कोडाईत तीन रात्रींचा मुक्काम हवा. मुक्काम दोनच रात्रींचा असेल, तर तिसऱ्या गटाने संध्याकाळी जावं; शोलाकिली दिवस मावळतानाही गाते.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे सूर्योदय साडेसहाच्या पुढे-मागे होतो. शोलाकिली त्याआधीच, काळोख विरत असताना, बोलू लागते. तेव्हा पहाटे अंधारातच जंगलात शिरावंसं वाटतं, पण तसं करू नये. कोडाईकनाल आणि उटी दोन्हीकडे गवे वस्तीत आणि रस्त्यावर मोकळे फिरतात, आणि अंधारात दहा पावलांवरचा गवा दिसत नाही. पहिली पंधरा मिनिटं मुक्कामाच्या अंगणातून किंवा उघड्या रस्त्याच्या कडेने ऐका. पायाखालची वाट स्पष्ट दिसू लागली की मगच स्थानिक वाटाड्याबरोबर शोलाच्या कडेला जा. गवा दिसला तर थांबा, आवाज न करता मागे फिरा आणि किमान ५० मीटर अंतर ठेवा. गव्याबरोबर पिल्लू असेल तर त्या दिवशी ती वाट सोडून द्या.

जागा निवडताना ओढ्याचा विचार करा. शोलाकिलीला ओढ्याकाठची ओल आवडते, पण वाहत्या पाण्याचा आवाज बारीक शिळा गिळून टाकतो. म्हणून ओढा जिथे वळून दूर जातो आणि झाडी दाट राहते, अशी कड शोधा. ही पाहणी आदल्या दिवशी दोन शिक्षकांनी करून ठेवावी. रस्ता जवळ असेल तर सातनंतर गाड्या सुरू होतात. त्याआधीच बैठक संपवता आली पाहिजे.

मुलांनी एकमेकांपासून दोन मीटरवर, जंगलाकडे तोंड करून बसायचं. बसायला ४० सेंटिमीटर चौरस फोमचा तुकडा. ओल्या मातीवर पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. कपडे हिरवे, करडे किंवा तपकिरी. नायलॉनचा रेनकोट नको, हात हलवला तरी तो सळसळतो. स्टीलच्या बाटलीला मोजा घालावा, नाहीतर ती दगडावर आपटते. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही. आपण आलो म्हणून जंगल गप्प झालेलं असतं. नेमकं याच वेळी मोठी माणसं बोलतात, ‘शांत बसा, काही ऐकू येतंय का?’ असं विचारतात. ते टाळण्यासाठी खुणा आधीच ठरवून ठेवाव्यात: हात वर म्हणजे ऐकलं, तळहात खाली म्हणजे बसा, मूठ म्हणजे निघायचं. नंतरची पंधरा मिनिटं आवाजाचा नकाशा. मग पंधरा मिनिटं नुसतं बसणं, दुर्बिणी मांडीवर. एकूण चाळीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडून मागू नये.

या वेळात कुणाला पक्षी दिसलाच, तर तो बहुधा वाटेवर उतरलेला असेल. चार उड्या, थांबणं, पुन्हा झुडपात. निळं काही दिसलं म्हणून लगेच शोलाकिली समजू नका. उंच फांदीवर उघड्यावर बसलेला निळा पक्षी निलगिरी माशीमार असतो. पारव्यापेक्षा थोडा लहान, गर्द निळा आणि माणसासारखी शीळ घालणारा तो शीळकरी कस्तूर, सह्याद्रीतलाच. हिवाळ्यात हिमालयातून एक निळा रॉबिन येतो. त्याचं पोट नारिंगी असतं आणि नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई. हाही जमिनीलगतच वावरतो, त्यामुळे गल्लत होते ती बहुतेक याच्याशीच. पोटाचा रंग पाहायचा, हा एकच नियम मुलांना द्या.

काही मुलांना पक्षी दिसेल, बहुतेकांना दिसणार नाही, ऐकू मात्र जवळपास सगळ्यांना येईल. ऐकण्यावर बेतलेल्या सहलीत अंध मुलं मागे राहत नाहीत, उलट पुढे असतात. शाळेत अंध विद्यार्थी असेल तर दिशा सांगण्याचं काम त्याच्याकडे द्या. ते तो इतरांपेक्षा चांगलं करतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी ध्वनिमुद्रणाचं आलेखचित्र आधी छापून घ्या. शिळा आणि खरखर त्यात डोळ्यांना वेगळ्या दिसतात.

आता जे अजिबात करू नये ते. जंगलात मोबाइलवर शोलाकिलीचा आवाज वाजवू नका. नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून उत्तर द्यायला येतो, उघड्यावर बसतो, पुन्हा पुन्हा गातो आणि त्यात त्याची ताकद जाते. मादी घरट्यावर असेल तर तिच्यावरची राखणही ढळते. ज्या वाटेवर रोज पर्यटक येतात तिथे रोज कुणीतरी हेच करत असतं. वाटाड्याने असं वाजवायला सुरुवात केली तर त्याला शांतपणे थांबवा. बुकिंग करतानाच ही अट सांगून ठेवलेली बरी. फ्लॅश नको. मोबाइल फक्त दोन शिक्षकांकडे.

घरट्याबद्दल विशेष सांगतो. शोलाकिली शेवाळ आणि मुळांचं घरटं झाडाच्या ढोलीत किंवा दरडीतल्या खोबणीत करते, आणि ती दरड बरेचदा वाटेच्या कडेचीच असते. चोचीत किडा धरलेला पक्षी खायच्याऐवजी जागच्या जागी घुटमळत असेल, तर आपण त्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये उभे आहोत. लगेच वीस पावलं मागे. घरट्याचा फोटो नको, जागेची खूण नको. माकडं आणि कावळे माणसांच्या घोळक्यावर नजर ठेवून असतात.

यानंतर गवत. हा भाग बहुतेक शाळा वगळतात, पण त्याशिवाय शोला समजत नाही. दऱ्यांच्या कुशीत दाट जंगल आणि भोवतीच्या उतारांवर मोकळं गवत, अशी या डोंगरांची जुनी रचना आहे. गवत म्हणजे तोडलेल्या जंगलाची जागा नव्हे. उघड्या उतारावर हिवाळ्यात दहिवर गोठतं आणि शोलातल्या झाडांची रोपं त्यात मरतात, म्हणून जंगल दरीत राहतं. पाऊस गवतात मुरतो, ओढे त्यातून झिरपत राहतात आणि शोलाचा तळ ओला राहतो. इंग्रजांनी आणि पुढे आपल्याही सरकारांनी हे उतार पडीक समजून तिथे वॅटल (ऑस्ट्रेलियातली बाभळीच्या जातीची झाडं), युकॅलिप्टस आणि पाइन लावले. पळणी डोंगरात चार दशकांत गवताळ भाग दोन तृतीयांशाने घटल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

मुलं विचारतीलच: झाडं लावली तर वाईट कसं? वृक्षारोपणाचे फलक रंगवत मोठी झालेली ही मुलं आहेत, प्रश्न रास्त आहे. एका जागी उभं करूनच याचं उत्तर द्या. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला वॅटलची रांग. दोन्ही ठिकाणी मुलांनी अर्धा मीटर चौकोन आखून आतल्या वेगवेगळ्या वनस्पती मोजाव्यात, नाव माहीत नसलं तरी चालेल, पानाच्या आकारावरून. उपटायचं काही नाही. वॅटलचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि आग लागली की किंवा झाड तोडलं की एकदम उगवतं, हेही सांगा, नाहीतर ‘मग तोडून टाका’ असं सोपं उत्तर मुलं काढतात. काही जुन्या वॅटल-पाइनच्या सावलीत आता शोलाची रोपं वाढू लागली आहेत. तिथे सरसकट तोड केली तर तीही जातील. शोलाकिलीला हवी असते ती जमिनीलगतची दाट, ओली झाडी. गावाला परतल्यावर आपल्या सड्यांकडे आणि माळरानांकडे याच नजरेने पाहायला लावा. सोलापूरच्या माळावर किंवा कोकणातल्या सड्यावर खड्डे खणण्याआधी तिथे आधीपासून काय उगवतं, हे त्या शाळेतली मुलं तरी विचारतील.

परवानग्यांचं काम दोन महिने आधी सुरू करा. राज्याबाहेरच्या सहलीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागतेच. निलगिरी जिल्हा आणि कोडाईकनालला जाणाऱ्या वाहनांना २०२४ पासून ई-पास घ्यावा लागतो. बसचा नंबर आयत्या वेळी बदलला तर तो पुन्हा काढावा लागतो. पाण्याच्या छोट्या प्लॅस्टिक बाटल्यांवर तिथे निर्बंध आहेत, वाटेत तपासणी होते. खोक्यांनी बाटल्या भरून नेऊ नका. मार्च २०१८ मध्ये कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात ट्रेकला गेलेली माणसं दगावली. तेव्हापासून तमिळनाडूत वनवाटांवरचे नियम कडक झाले आहेत आणि उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा बंदही होतात. म्हणून जिल्हा वन अधिकाऱ्याला पत्र लिहा. मुलांची संख्या, तारीख, जागा, वेळ आणि ‘आवाज वाजवणार नाही, वाट सोडणार नाही’ हे दोन मुद्दे स्पष्ट असावेत. वाट बंद असेल तर वाद घालू नका. उटीजवळचं केर्न हिल, कोटागिरीचा लाँगवूड शोला, कोडाई गावाला लागून असलेला बॉम्बे शोला, अशा ठिकाणी आत न शिरता रस्त्याच्या कडेने ऐकलं तरी काम होतं. ११६ हेक्टरचा लाँगवूड शोला २०२४ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. त्याच्या पाण्यावर खालची गावं जगतात. निलगिरी शोलाकिली तिथे आहे. उटीच्या सहलीला आमची पहिली पसंती याच जागेला.

परत आल्यावर आठवड्याच्या आत आवाजाचे सगळे नकाशे एका भिंतीवर लावा. एकाच सकाळी, एकाच जागी बसलेल्या बारा मुलांच्या नकाशांत ज्या दिशेला सगळ्यांची खूण आहे तिथे पक्षी नक्की होता. जिथे एकाचीच आहे तिथे काय असेल, यावर वर्गात चर्चा करा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका. ‘ऐकला’ आणि ‘पाहिला’ हा फरक प्रामाणिकपणे लिहा, नेमकं घरटं किंवा खोबण कुठे आहे ते लिहू नका. नोंदीची एक प्रत वन कार्यालयाला पाठवा.

ज्या शाळांना एवढ्या लांब जाणं परवडत नाही, त्यांनी शोलाकिलीची गोष्ट टब आणि ध्वनिमुद्रणावर वर्गात जरूर सांगावी, आणि सहल जुलैत ताम्हिणी, आंबोली किंवा महाबळेश्वरला काढावी. पावसाळ्यात शीळकरी कस्तूर तिथे पहाटे गातो. बारा मुलं, चाळीस मिनिटं आणि कोरा कागद, हीच पद्धत तिथेही चालते. फक्त पेन्सिलीबरोबर कागदाला प्लॅस्टिकची पिशवी आणि पायांत जळवांसाठी लांब मोजे घ्या.

सहल समितीच्या सभेत तारीख पक्की होण्याआधी हे पत्र वाचलं जावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुलांबरोबर जंगलात काम करणारे काही पक्षी-अभ्यासक आणि शिक्षक